हरवडे बंदरातली एन्क्वायरी

हरवड्याहून इनलँड पत्र आलं तेव्हा कुमुदिनीआत्या नुकतीच कंपनीतून येऊन पाय धूत होती. पत्र बाबांच्या नावावर होतं. बाबांनी ते वाचलं, होती त्याच घड्यांवर परत घडी घातली आणि समाधानाने म्हणाले, "चला, एक कटकट मिटली."

पत्रातला मजकूर थोडक्यात असा. हरवडे बंदरातली देवी दर शिमग्याला पालखीत बसते, पालखी होडीत बसते आणि दोघी मिळून खाडीपलीकडच्या गावात देवीच्या बहिणीला भेटायला जातात. ही होडी धक्क्याला ज्या दोराने बांधलेली असते तो दोर सोडायचा मान सारंगांचा, म्हणजे आमचा. सारंग चोवीस वर्षं फिरकलेले नाहीत. दोर मात्र दर वर्षी कोणीतरी सोडावाच लागतो, नाहीतर देवी जागच्या जागी डोलत राहील. ते काम इतकी वर्षं चंदू नावाचे गावकरी करत आले आहेत. सबब येत्या शिमग्याला हा मान कायमचा त्यांच्या नावावर लिहिण्याचे पंचांनी ठरवले आहे. कळावे. खाली सही, बाळाजी, अध्यक्ष.

आत्याने पाय पुसले, चष्मा लावला आणि पत्र दोनदा वाचलं.

"ही शो-कॉज नाही," ती म्हणाली.

बाबांनी विचारलं, काय नाही.

"शो-कॉज, म्हणजे कारणं दाखवा नोटीस नाही. चार्जशीट नाही. सरळ नाव कमी केलंय. असं करता येत नाही."

आत्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत टाइम ऑफिस सांभाळायची. चारशे बारा माणसांची हजेरी, पंचिंग कार्ड, रजा आणि लेट मार्क तिच्या हातात. आठ वाजून एक मिनिटाने आलेल्या माणसाला ती आठ वाजून दोन मिनिटांनी ओळखत नसे. एकदा स्टेशनवरून येताना तिचीच रिक्षा पंक्चर झाली, तेव्हा तिने स्वतःला लाल शाईने लेट मार्क दिला आणि आठवडाभर स्वतःशी तुटक वागली. कंपनीत कोणावर खात्याची चौकशी, म्हणजे डोमेस्टिक एन्क्वायरी बसली की नोंदी घ्यायला आत्या बसायची. अशा एन्क्वायऱ्या तिने एकोणीस वर्षं लिहून घेतल्या होत्या. कायदा तिने वाचला नव्हता, पण तो तिच्या कानावरून बराच गेला होता.

"अगं कुमुद, दोरी आहे ती," बाबा म्हणाले.

"दादा, हरवड्यात आपलं घर आहे?"

"पडलं."

"जमीन?"

"नव्हतीच."

"झाड?"

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. एक रातांबा होता, पण तो शेजाऱ्यांच्या हद्दीत होता. "नाही," ते म्हणाले.

"मग गावात आपलं काय आहे?"

आमचं गावात एक दोर सोडायचा हक्क एवढंच होतं. बाकी काही नव्हतं. आजोबा पासष्ट साली दोन मुलं घेऊन बोटीने मुंबईला आले, तिथून अंबरनाथला, काड्यापेटीच्या कारखान्यात. पहिल्या शिमग्याला त्यांना रजा मिळाली नाही. दुसऱ्या शिमग्याला आजी आजारी होती. तिसऱ्या शिमग्याला ते म्हणाले, आता कोणत्या तोंडाने जायचं. पुढची सगळी वर्षं तिसऱ्या वर्षाच्या कारणावर निघाली. गेल्या दिवाळीत आजोबा वारले. ते असते तर या पत्राने वारले असते, असं आत्याचं म्हणणं होतं.

बाबांनी यायला साफ नकार दिला. आत्या म्हणाली, तसं लेखी द्या. बाबांनी आनंदाने लिहून दिलं की या मानावर माझा कोणताही हक्क नसून तो मी माझी बहीण कुमुदिनी हिच्याकडे राजीखुशीने सोडत आहे. बाबांनी इतक्या सुवाच्य अक्षरात काही लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, बाई एकटी कशी जाईल, मधूला ने. मधू म्हणजे मी.

मी तेव्हा मोकळा होतो. एका इंजिनिअरिंग युनिटमध्ये क्वालिटी कंट्रोलला होतो आणि माझे दोनशे एकोणचाळीस दिवस भरले होते. दोनशे चाळीस भरले की माणूस परमनंट करा म्हणायला लागतो, म्हणून आदल्या दिवशी कंपन्या ब्रेक देतात. आठ दिवस घरी बसायचं, मग परत पहिला दिवस. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत माझ्या वयाची निम्मी मंडळी कायम दोनशे एकोणचाळीस दिवसांची होती. लग्नाच्या बाजारात आम्हाला 'नोकरी आहे' आणि 'नोकरी नाही' यांच्या मधे बसवायचे.

निघायच्या आधी आत्या मला उल्हासनगरला घेऊन गेली. कॅम्प पाचमधल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून तिने फुलस्केप कागद, कार्बन, टाचण्या आणि दोन फायली घेतल्या. सिंधी दुकानदाराने सामान बांधताना विचारलं, "क्या मॅडम, फॅक्टरी खोल रही हो?"

"नहीं," आत्या म्हणाली, "देवी के पास जाना है."

त्याने टाचण्यांची एक जास्तीची डबी आत टाकली.

कल्याणहून एसटीने महाड, महाडहून मंडणगड, मंडणगडहून आणखी एक एसटी, जिला कंडक्टर होता पण खिडक्या नव्हत्या. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही हरवड्यात उतरलो.

हरवडे ऐतिहासिक बंदर आहे. हे तिथला प्रत्येक माणूस ओळख व्हायच्या आत सांगतो. अरबांचे घोडे इथे उतरत, इंग्रजांची वखार इथे होती, मुंबईची आगबोट आठवड्यातून तीनदा इथे भोंगा द्यायची. आता कस्टमच्या कौलारू कचेरीत शेळ्या होत्या. वखारीला छप्पर नव्हतं, पण आत एक वड होता आणि तो छपराचं काम बरं करत होता. धक्का मात्र भक्कम, काळ्या दगडाचा. त्याच्या पायऱ्या खाडीत उतरत होत्या आणि टोकाशी एक लोखंडी तोफ तोंड खाली करून जमिनीत पुरलेली होती. तिलाच होड्या बांधत. तिला जन्मात जेवढे गोळे मारता आले नसतील तेवढ्या होड्या तिने धरून ठेवल्या असाव्यात.

ओहोटी होती. खाडी लांबवर चिखलाची, मधे पाण्याची एक पट्टी, पश्चिमेला वाळूचा दांडा आणि त्याच्यापलीकडे समुद्र. देवीची होडी चिखलात एका कुशीवर झोपली होती. मी आत्याला म्हटलं की इथे पाणीसुद्धा गैरहजर आहे.

"दीडला भरती पूर्ण होते," आत्या म्हणाली. "आपल्याकडे साडेचार तास आहेत."

देवळात पंच जमलेच होते. बाळाजी साठीचे, उंच, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेले. आण्णा गुरव देवीचे पुजारी, त्यांनी आयुष्यात देवीशिवाय कोणाची नोकरी केली नव्हती. मागे खांबाला टेकून एक काटक माणूस काथ्याचा दोर मांडीवर घेऊन त्याची निघालेली टोकं आत वळवत बसला होता. तो चंदू. आम्ही कोण हे कळल्यावर तो उठला, आम्हाला पाणी आणून दिलं आणि परत दोर घेऊन बसला.

बाळाजींनी समजुतीच्या सुरात सांगितलं की तुमच्या वडलांना आम्ही मानत होतो, पण चोवीस वर्षं म्हणजे फार झालं, आता तो मान गेला असंच समजा. आत्याने विचारलं, गैरहजेरीची नोंद आहे का. होती. आण्णांनी देवीच्या मागून लाल कापडात गुंडाळलेली वही काढली. दर शिमग्याचं एक पान, डावीकडे मानकरी, उजवीकडे हजर की गैरहजर. आत्याने चोवीसच्या चोवीस पानं उभ्याने तपासली. एका सालाच्या पानावर कोणाचीच सही नव्हती, तिथे तिने एक टाचणी लावून ठेवली.

"नोटीस कुठे आहे?" तिने विचारलं.

बाळाजी म्हणाले, कसली.

"नाव कमी करायच्या आधी द्यायची. आधी शो-कॉज, मग चार्जशीट, मग एन्क्वायरी. त्याशिवाय कोणालाही काढता येत नाही."

मला वाटलं, आता हसतील. मी आत्याचा हात धरून बाहेर काढायच्या तयारीत होतो. पण दोघेतिघे भिंतीला टेकून बसले होते ते ताठ झाले. बाळाजींनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

झालं होतं असं की त्या देवळात बसलेल्या बाप्यांपैकी चौदा जण मुंबईच्या गिरण्यांमधले होते. संप झाला, गिरण्या गेल्या, हे गावी आले. सात वर्षं नाचणी, सात वर्षं कोळंबी. सात वर्षांत त्यांच्यासमोर कोणी 'चार्जशीट' हा शब्द उच्चारला नव्हता. बाळाजी तर सव्वीस वर्षं युनियनच्या कमिटीवर होते. त्यांनी गिरणीत लढवलेल्या एन्क्वायऱ्यांच्या गोष्टी गावातल्या पोरांना पाठ होत्या आणि पोरांनी त्या ऐकायचं कधीच बंद केलं होतं.

"डोमेस्टिक?" बाळाजींनी हळूच विचारलं.

"डोमेस्टिक," आत्या म्हणाली.

पुढच्या दहा मिनिटांत पालखीचं फुलं घालायचं टेबल रिकामं होऊन मधे आलं. आण्णा एन्क्वायरी ऑफिसर, कारण ते कोणाच्याच बाजूचे नव्हते आणि त्यांना यातलं काही कळत नव्हतं. आत्या स्वतःची बाजू स्वतः मांडणार. राहिली व्यवस्थापनाची बाजू. देवळाचं व्यवस्थापन म्हणजे देवी, आणि देवीच्या वतीने बोलायचं अध्यक्षांनी. जन्मभर कामगाराच्या बाजूने भांडलेले बाळाजी पहिल्यांदाच मॅनेजमेंटच्या खुर्चीत बसले. बसताना त्यांनी खुर्ची आधी झटकली. मी नोंदी लिहायला बसलो, दोन कार्बन घालून तीन प्रती. एक आमची, एक पंचांची, एक देवीची.

आरोप वाचला गेला: विनापरवानगी, विनारजा, सलग चोवीस वर्षे गैरहजर राहणे. आत्याने गैरहजेरी कबूल केली. ती म्हणाली की गैरहजेरीची शिक्षा देता येते, पण विचारल्याशिवाय देता येत नाही. चोवीस वर्षांत एक रजिस्टर्ड पत्र दाखवा, की बाबा का येत नाहीस. आमचा पत्ता गावात होता. दोन लग्नांच्या पत्रिका त्या पत्त्यावर आलेल्या आहेत. तिने त्या पत्रिका फायलीतून काढून टेबलावर ठेवल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी खालच्या आवाजात 'वा' म्हणालं.

मग बाळाजींनी मला साक्षीदार म्हणून उभं केलं. नोंदी लिहिणाराच साक्षीदार कसा, अशी एक हरकत आली. आण्णांनी विचार करून सांगितलं की त्याने उभ्याने लिहावं.

"तुमच्या आज्यानं," बाळाजी म्हणाले, "चोवीस वर्सांत ह्या मानाची एकदा तरी याद काडली काय?"

मी खरं ते सांगितलं. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला चाळीत राहतो. दर वर्षी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आजोबा सकाळीच तिथीवरून भरतीची वेळ काढायचे. ती वेळ झाली की टोपी घालून गॅलरीत जायचे आणि कपडे वाळत घालायची दोरी सोडायचे. कपडे खाली पडायचे. पहिली चारपाच वर्षं चाळीत भांडणं झाली, नंतर लोक त्या दिवशी कपडेच धुवेनासे झाले. आजोबा दोरी सोडायचे, पाच मिनिटं समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत उभे राहायचे आणि मग आत येऊन चहा मागायचे.

आत्या फायलीत बघत होती, पण पान उलटत नव्हती.

"दोरी कसली?" बाळाजींनी विचारलं.

"नायलॉनची."

सभेत नापसंतीची कुजबुज झाली. काथ्याची असती तर गोष्ट वेगळी होती, असं दोघांचं मत पडलं. आण्णांनी निर्णय दिला की घडली गोष्ट लिहून घ्या, नायलॉन लिहू नका.

बारा वाजून गेले होते. खाली धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्यात जायला लागल्या होत्या. आण्णांनी डोळे मिटले, देवीकडे तोंड केलं आणि सांगितलं की नोटीस दिली नव्हती हे खरं, तेव्हा काढलं ते चूक. मान सारंगांचाच. बाळाजी हरले. एन्क्वायरी हरलेला मॅनेजमेंटचा माणूस इतका खूश झालेला मी त्याच्या आधी पाहिला नाही, आणि एमआयडीसीत राहूनही नंतर पाहिला नाही.

पण खूश होऊन ते स्वस्थ बसले नाहीत. मॅनेजमेंटची खुर्ची सोडल्या सोडल्या त्यांच्या अंगात जुना कमिटीवाला आला. ते म्हणाले, सारंग कायम, ठीक. मग चंदूचं काय? चोवीस वर्षं माणूस बदलीवर काम करतोय. बदली कामगाराला दोनशे चाळीस दिवसांनी कायम करावं लागतं.

सगळे हिशेबाला लागले. चंदू वर्षातून एक दिवस दोर सोडतो. चोवीस वर्षांचे चोवीस दिवस. राहिले दोनशे सोळा. म्हणजे चंदू कायम व्हायला अजून दोनशे सोळा वर्षं. एकजण म्हणाला, तसा तो तब्येतीने बरा आहे. मी माझ्या मनात बेरीज केली. माझे दोनशे एकोणचाळीस आणि त्याचे चोवीस, दोघांचे मिळून दोनशे त्रेसष्ट भरत होते. पण कायद्यात तशी सोय नाही.

चंदूला विचारलं, तुला काय म्हणायचंय. तो दोर मांडीवर घेऊनच बोलला.

"माजं काय नाय. मान त्यांचाच हाय, त्यांच्या आबांनीच मला गाठ दावली व्हती. दोर मी वळतो, बांधतो, येवडंच. माघात काथ्या भिजत घालायचा, शिमग्याला नवा दोर. जुना देवीला चालत नाय."

"दर वर्षी?" आत्याने विचारलं.

"दर साली."

आत्या दोराकडे बघत राहिली. चांगला मनगटाएवढा जाड, सारख्या पिळाचा, चाळीसेक हात लांब दोर होता. गेल्याच आठवड्यात तिने कंपनीत सतरा पोरांना स्वतःच्या हाताने ब्रेक लिहिला होता. ते तिचं कामच होतं आणि त्याबद्दल ती घरी कधी काही बोलत नसे. तिने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं, आणि परत लावलं.

तेवढ्यात ढोल वाजायला लागला. पालखी उचलायची वेळ झाली. आता सगळ्यांनी उठायचं, तर बाळाजी जागेवरच घुटमळले. ते म्हणाले की मान तुमचा हे ठरलं, ते काही बदलत नाही. पण दोराला हात बाप्याचा लागतो, अशी रीत आहे. हा तुमचा पोरगा आहेच बरोबर.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं असतं.

"दुसऱ्याचं कार्ड पंच केलं तर तुमच्या गिरणीत काय करायचे?" आत्याने विचारलं.

चौदाच्या चौदा जणांनी मान खाली घातली. एकाने सांगितलं की त्याच्या खात्यातल्या एकाने भावाचं कार्ड पंच केलं होतं, तर दोघांनाही संध्याकाळच्या आत गेटबाहेर काढलं. युनियनसुद्धा बोलली नाही.

"कार्ड माझं आहे," आत्या म्हणाली आणि बाबांचं हक्कसोड पत्र टेबलावर ठेवलं. "याने हात लावला तर मान आत्ता जाईल, आणि या वेळी कायदेशीर जाईल."

बाळाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी तसाही अजून कन्फर्म झालेलो नाही.

तिथे बोलणं संपलं. आत्याने आण्णांना एवढंच सांगितलं की निर्णय वहीत लिहा. आण्णा म्हणाले, आता कुठे, पालखी निघाली, शिमगा उरकला की पंचांच्या मीटिंगीत लिहू. वही त्यांनी काखेत मारली. वही देवीबरोबर जाते आणि देवीबरोबर येते. आत्याने ती काखेत जाताना पाहिली आणि एक शब्द बोलली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

धक्क्यावर अख्खं गाव आलं होतं. ज्या खाडीत सकाळी चिखल होता तिथे आता काठोकाठ पाणी होतं आणि होडी उठून उभी राहिली होती. पालखी चढली, ढोलवाले चढले, आण्णा, बाळाजी आणि बाकीचे मिळून पंधरा जण चढले. चंदूने बांधलेली गाठ तोफेच्या गळ्यात होती. ओल्या काथ्याची, ताणाने आवळलेली. आत्याने पदर खोचला आणि गाठीला हात घातला.

गाठ हलली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ढोलवाल्यांनी एक ताल संपवून दुसरा धरला, तो संपवून पहिलाच परत धरला. आत्याच्या बोटाचं नख तुटलं. मी चंदूला हळूच म्हटलं, तुम्ही जरा सैल करून द्या. चंदू म्हणाला, मला तसं करता येणार नाही, आता ते त्यांचं काम आहे. पण तो तिच्या बाजूला उकिडवा बसला आणि गाठीला हात न लावता सांगत राहिला, आधी खालचा पदर, तो नव्हे, त्याच्या आतला, आता वर ढकला. शेवटी गाठ एकदम निसटली.

"एक येढा तोफेला राहू द्या," चंदू म्हणाला, "नायतर हात सोलंल."

आत्याने एक वेढा राहू दिला. दोराचं टोक दोन्ही मुठीत घेतलं, पाय तोफेला लावला आणि होडीकडे बघून म्हणाली, "आण्णा, वही काढा."

आण्णांना ढोलात ऐकू आलं नाही. तिने परत सांगितलं. ढोल थांबला. दीड वाजून गेला होता आणि पाणी फिरलं होतं. ओहोटीने होडीला समुद्राकडे ओढ लागली, दोर ताठ झाला आणि वेढा तोफेवर करकरायला लागला. होडीतून सगळे ओरडू लागले, बाई सोडा, बाई काय करताय. देवी एका बाजूला कलली, तिला चौघांनी धरलं.

"आधी लिहा. सारंग, हजर."

"नंतर लिवतो ना, ताई," आण्णा म्हणाले.

"नंतर लिहितो म्हणणारी चारशे बारा माणसं मी रोज बघते. आत्ता लिहा."

दोर मुठीतून बोटभर सरकला. चंदूने न सांगता मागून धरला. मी त्याच्या मागे धरला. बाळाजींनी खिशातलं एक पेन काढून आण्णांना दिलं आणि होडीत उकिडवं बसून स्वतःची पाठ टेबलासारखी पुढे केली. आण्णांनी तिच्यावर वही ठेवून लिहिलं.

"वाचा."

"सारंग, कुमुदिनी. हजर."

"आता खालची ओळ घ्या. दोर वळणार आणि बांधणार, चंदू. कायम. पासष्ट सालापासून."

होडीत गलका झाला. एकजण म्हणाला, असला मान वहीतच नाही. आत्या म्हणाली, पोस्ट नवीन आहे. तो म्हणाला, अशी पोस्ट काढता येत नाही.

"बांधलाच नाही तर मी सोडू काय?" आत्या म्हणाली.

"ताई, जाऊ द्या," चंदू मागून म्हणाला. त्याचा आवाज दोरासारखाच ताणलेला होता. "पानी चाललं. माज्यापायी नको."

"तू धर," आत्या म्हणाली. ती चंदूला पहिल्यांदाच एकेरी बोलली, आणि मला वाटतं तेव्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

बाळाजी वाकलेलेच होते. सकाळभर त्यांनी मॅनेजमेंटचं काम केलं होतं आणि ते त्यांना सोसलं नव्हतं. ते खालूनच ओरडले, "लिवा, आण्णा. माज्या पाठीवर लिवा. कायम म्हणून लिवा."

आण्णांनी पेन टेकवलं आणि वर पाहिलं. "चंदूचं पुरं नाव काय लिवू?"

धक्क्यावर कोणालाच चटकन आठवेना. त्याची बायको गर्दीत होती, पण ती नवऱ्याचं नाव घेणार नव्हती. चंदूने दोर सोडला नाही. मान वर केली आणि पहिल्या पाळीच्या गेटवर हजेरी देतात तसा मोठ्याने म्हणाला, "चंद्रकांत धोंडू पेवेकर."

आण्णांनी लिहिलं. लिहायला वेळ लागला, कारण होडी हलत होती आणि बाळाजीही हलत होते. मग त्यांनी दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

"वेळ घाला," आत्या म्हणाली. तिला घड्याळ बघता येत नव्हतं, मी तिच्या मनगटावर वाकून बघितलं. एक अठ्ठेचाळीस. आण्णांनी एक अठ्ठेचाळीस लिहिलं.

आत्याने वेढा काढला आणि दोर पाण्यात टाकला.

होडी तिरकी निघाली, थोडी समुद्राकडे वाहवली, मग वल्हेकऱ्यांनी तिचं तोंड पलीकडच्या गावाकडे वळवलं. आत्याचे दोन्ही तळवे सोलले होते आणि त्यांत काथ्याची कुसळं घुसली होती. चंदू तेल आणायला जातो म्हणाला, पण गेला नाही, होडीकडे बघत उभा राहिला. खाडीच्या मध्यावर पाणी उडायला लागलं तेव्हा बाळाजींनी वही भिजू नये म्हणून ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली आणि चौघांनी बाळाजींना धरलं. देवीला धरायला त्या मानाने कमी माणसं उरली. आत्या तोफेला टेकून, वही पलीकडच्या धक्क्यावर उतरेपर्यंत, तिच्यावरची नजर न हलवता उभी होती.